आमचा सिंघम की पोरांचा सिंघम? उन्हाळी शिबिरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरकडून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं एक तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम देत नाहीये, माणसांचीही नावं काढून टाकलीत. गावात जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, मे महिन्यात तिथं पोरांचं शिबिर असतं, चित्रकला, गोष्टी, थोडं विज्ञान, आणि शनिवारी संध्याकाळी सिनेमाचा तास. तो तास मी घेते. पोरं घरी जे बघतात त्यावर बोलायचं, कधी प्रोजेक्टरवर छोटंसं काही दाखवायचं, कधी चित्रं काढायची, असा साधा प्रकार. वय 7 ते 12, तीसेक पोरं.

गेल्या वर्षी विषय पोरांनीच हात वर करून निवडला, लिटल सिंघम. ज्यांच्या घरी लहान पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल 2018 मध्ये डिस्कव्हरी किड्सवर ही कार्टून मालिका सुरू झाली, रोहित शेट्टींची कंपनी आणि रिलायन्स अ‍ॅनिमेशन यांनी मिळून काढलेली, म्हणजे हे काम आपल्या पुण्यातल्या स्टुडिओचं. मिरची नगर नावाच्या गावातला एक छोटा मुलगा पोलिसाच्या वर्दीत फिरतो, अंगात सिंहाची ताकद, बबली आणि लट्टू हे दोस्त, आणि काल नावाचा मोठा व्हिलन. चालली म्हणजे इतकी चालली की पुढे मोठ्यांच्या पिक्चरवरून पोरांची कार्टून काढायची लाटच आली, 2019 ला गोलमाल ज्युनिअर आणि फुकरे बॉईज, 2020 ला सिम्बाचं, 2021 ला दबंगचं.

आता मूळ पिक्चर. सिंघम जुलै 2011 मध्ये आला. सूर्याच्या 2010 च्या तमिळ सिंगमचा तो रिमेक, पण हिंदीत आणताना त्याला मराठी करून टाकलं आणि आमच्या भागात तो डोक्यावर घेतला गेला तो त्यामुळेच. हिरो पोलीस इन्स्पेक्टर, नाव बाजीराव सिंघम, त्याचं शिवगड हे महाराष्ट्र-गोवा सीमेवरचं गाव, संगीत अजय-अतुलचं, अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, अनंत जोग अशी सगळी घरची माणसं पडद्यावर. आणि रागावला की हिरो सरळ मराठीत बोलतो, आता माझी सटकली. हिंदी पिक्चरमध्ये मराठी माणूस बहुतेक वेळा घरगडी नाहीतर हवालदार असायचा, इथं तो मधोमध उभा होता. सीमेजवळच्या गावात ही गोष्ट किती आत जाऊन बसली असेल ते बाहेरच्याला चटकन कळणार नाही. अजून आमच्याकडे रिक्षांच्या मागे सिंघम लिहिलेलं असतं.

अडचण कुठे आली

शिबिराच्या दोन मोठ्या मुलींनी फळ्यासाठी पोस्टर केलं. वर मोठ्या अक्षरात 'सिंघम येतोय, शनिवारी 5 वाजता', आणि खाली बारीक अक्षरात लिटल सिंघमबद्दल. कुणीतरी त्या पोस्टरचा फोटो काढला, फोटोत खालची ओळ कापली गेली, आणि तरुण मंडळाच्या पोरांच्या स्टेटसला तो फिरायला लागला. त्यांना वाटलं वाचनालयात पिक्चर आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचसहा जण विचारायला आले तेव्हा त्यांना कळलं की विषय कार्टूनचा आहे.

त्यांचा राग मला आधी जरा जास्तच वाटला, पण ऐकत गेले तसं लक्षात आलं की त्यात एकच एक तक्रार नव्हती, चारपाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. एकजण म्हणाला, "ताई, आमच्या सिंघमचं खेळणं करून टाकलंय हो, दप्तरावर सिंघम, डब्यावर सिंघम." दुसऱ्याला अ‍ॅनिमेशन पटत नव्हतं, हात-पाय कागदाचे कापून चिकटवल्यासारखे हलतात म्हणाला. तिसऱ्याचं म्हणणं, सिंघम म्हणजे सिस्टीमशी भांडणारा माणूस, त्याला राक्षसांशी लढायला लावलं की त्यात राहिलं काय. आणि एक जण, बाकीच्यांपेक्षा शांत, एवढंच म्हणाला, "शिवगड कुठंय त्यात? मिरची नगर म्हणजे कुठलं गाव? कुणाचंच नाही की ते." मला त्या सगळ्या गोंधळात हेच सगळ्यात खरं वाटलं. त्यांची मागणी मात्र सरळ होती, कार्टून काढा आणि खरा पिक्चर लावा, पोरांनापण कळू दे.

हे चालू असतानाच दुसऱ्या बाजूने एक आई आल्या. त्या स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, मुलगा शिबिरात. त्यांनीही तोच कापलेला फोटो बघितला होता आणि त्यांना वाटलं आपण पोरांना खरंच पिक्चर दाखवतोय. त्यांनी थेट विचारलं, ज्या पिक्चरची सुरुवात लाचेच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या इन्स्पेक्टर कदमच्या आत्महत्येने होते आणि शेवटी सगळे पोलीस मिळून आरोपीला मारतात आणि एन्काउंटर झालं म्हणून सांगतात, तो 8 वर्षाच्या पोराला काय शिकवणार? सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल इंडियन पोलीस फाउंडेशनच्या कार्यक्रमात सिंघमचं नाव घेऊनच बोलले होते, की झटपट न्याय देणारा हिरो पोलीस दाखवणं घातक आहे, त्याची त्यांनी आठवण करून दिली. कार्टून आहे असं कळल्यावर त्या थोड्या शांत झाल्या, पण त्यांचा मुद्दा तिथंही सुटला नाही. वर्दी घालून मारामारी करणारं लहान पोर, हे काय बरंय?

तिसरे होते वाचनालयाच्या समितीतले एक काका, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. त्यांनी काहीच आवाज चढवला नाही. म्हणाले, तो पिक्चर मी कदमसाठी बघितला, पुढचं सगळं पिक्चर आहे, कदम खरा आहे. आणि लहान मुलाच्या अंगावर वर्दी त्यांना आवडत नाही, चित्रातसुद्धा.

म्हणजे शनिवार चोवीस तासांवर आला होता, एका बाजूला पिक्चरचे चाहते, दुसऱ्या बाजूला एक घाबरलेल्या आई आणि त्यांच्यामागे असेच आणखी चारपाच पालक, मधे काका, आणि तीसेक पोरं ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि जी आठवडाभर 'पुलिस की वर्दी, शेर का दम' ओरडत फिरत होती.

समोरचे पर्याय

पिक्चर लावायचा, हा पर्याय आम्ही पाच मिनिटात सोडला. कदमचा प्रसंग आणि शेवट या वयाला जड आहे, आईंचं त्याबाबतीत शंभर टक्के बरोबर. शिवाय घरच्या ओटीटीच्या सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये तीस जणांना पिक्चर दाखवता येत नाही, ते घरात बघण्यासाठी असतं, सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं तर ज्याचे हक्क आहेत त्याची परवानगी लागते. खूप मंडळं, शाळा हे सर्रास करतात, पण वाचनालयाने करू नये असं मला वाटतं, आम्ही पुस्तकांच्या झेरॉक्सला नाही म्हणतो आणि इथं हो म्हणायचं हे बरं दिसत नाही. हाच नियम कार्टूनलाही लागू, त्यामुळे 'कार्टूनचा एक भाग लावू आणि विषय संपवू' हेही बाद झालं.

विषयच बदलायचा, छोटा भीम घ्यायचा किंवा सरळ ओरिगामी. समितीतल्या दोघांना हे आवडलं होतं, कटकट नको म्हणून. पण पोरांनी मत देऊन निवडलेला विषय मोठ्यांच्या भांडणामुळे रद्द करायचा म्हणजे मतदान कशाला घेतलं होतं? मी यावर अडून बसले.

आणि राहिला तो पर्याय, काहीच दाखवायचं नाही, पोरांनी कार्टून बघितलेलंच आहे, मंडळाच्या पोरांनी पिक्चर बघितलाय, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मग पोरांकडून त्यांचा स्वतःचा एक प्रसंग करून घ्यायचा. जोखीम होती. मंडळाची पोरं लहान मुलांसमोर कार्टूनची टर उडवतील, पोरं रडतील, आईंना आणखी राग येईल, हे सगळं शक्य होतं.

काय केलं

पहिला निर्णय म्हणजे शुक्रवारी रात्रीच मंडळाच्या पोरांशी वेगळं बोलायचं, सगळ्यांची एकत्र मीटिंग घ्यायची नाही. माझ्या मते सगळं प्रकरण इथं वळलं. त्या शांत मुलाला मी विचारलं, तू पिक्चर आला तेव्हा कितवीत होतास? तो म्हणाला चौथीत. बाकीचे पण तसेच, कुणी तिसरीत, कुणी पाचवीत. म्हणजे आज जे सांगत होते की सिंघम लहान पोरांचा नाही, त्यांनी स्वतः तो बरोबर याच वयात बघितला होता. हे मी त्यांना चिडवायला म्हटलं नाही आणि त्यांनीही तसं घेतलं नाही. उलट बोलायलाच लागले. एकाला कदमच्या प्रसंगाला आईने डोळ्यावर हात ठेवल्याचं आठवत होतं, एकजण वडिलांच्या खांद्यावर बसून आला होता घरी. शेवट, एन्काउंटर वगैरे कुणालाच तेव्हा नीट कळलं नव्हतं. मग कळलं काय होतं, आवडलं काय होतं? यावर सगळ्यांचं एकच, शिवगडचा सीन.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, पिक्चरमधला व्हिलन जयकांत शिक्रे, त्याला जामिनावर सोडताना शिवगडच्या पोलीस स्टेशनात हजेरी लावायची अट असते, तो स्वतः न येता माणसं पाठवतो, सिंघम म्हणतो ज्याची सही आहे त्यानेच यायचं. मग तो गाड्या घेऊन, रुबाबात येतो, आणि सगळं गाव सिंघमच्या मागे येऊन उभं राहतं. तेवढ्या मोठ्या माणसाला शेवटी सही करावी लागते. बंदूक नाही, एन्काउंटर नाही, एका वहीवर सही.

मला त्या रात्री हे स्पष्ट झालं आणि अजूनही माझं तेच मत आहे. चाहते सटकली आणि मिशी जपत होते, आई मारामारीला घाबरत होत्या, पण पोरांना द्यावी अशी पिक्चरमधली खरी चीज होती ती मागे उभं राहणारं गाव, आणि कार्टूनमधून नेमकं तेच गळालंय. तिथं ताकद एकट्या पोराच्या अंगात आहे. सिंह त्याच्या आत आहे, गाव नुसतं वाचवून घ्यायला आहे. लहान मुलांसाठी करताना बंदूक, लाच, आत्महत्या काढली ते योग्यच होतं, तिथं बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही, पण शिवगड काढायची काही गरज नव्हती, तो भाग तर आधीच पोरांना कळण्यासारखा होता.

दुसरा निर्णय, हवालदार काकांना बोलवायचं. समितीत एकाला भीती होती की काका पोरांचा विरस करतील. आम्ही त्यांना फक्त सांगितलं की भाषण नको, पोरांचे प्रश्न घ्या.

तिसरा निर्णय, त्या शिक्षिका आईंना बाहेर बसून बघायला न सांगता आतच काम द्यायचं, गट पाडायचे आणि पोरांच्या गोष्टीत कुठं काय जास्त होतंय ते बघायचं.

शनिवारी पहिला अर्धा तास पोरं बोलली. कार्टूनमधलं काय आवडतं, तर गॉगल, उडी, काल हरतो ते, आणि एका छोट्याने सांगितलं की मोठी माणसं त्याचं ऐकतात ते. मंडळाची पोरं मागे भिंतीला टेकून उभी होती, मला वाटतं या उत्तराने ती जरा गप्प झाली. मग तो शांत मुलगा पुढे आला आणि त्याने शिवगडचा सीन सांगितला, आवाज, हातवारे सगळं करून, पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. पोरांना सटकली माहीत होतं पण ते कुठून आलं ते बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

काकांना प्रश्न आले ते आम्ही कुणी कल्पना केली नव्हती असे. किती वर्षाचं झाल्यावर पोलीस होता येतं? 18 पूर्ण, आणि बारावी पास, काका म्हणाले, आणि धावायला लागतं. चोर पकडला की मग काय करता, मारता का? काकांनी सांगितलं की अटक केल्यावर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, शिक्षा द्यायचं काम पोलिसांचं नाही, आमचं काम पकडून नीट कागद करायचं. एक पोरगं म्हणालं, मग सिंघमने पण कागद केले का? काका म्हणाले, सहीसाठीच तर अडून बसला होता की तो. सगळे हसले.

मग काम सुरू झालं. फ्लिपबुक, म्हणजे वहीच्या कोपऱ्यात एकामागे एक चित्रं काढून भराभर पानं सोडायची. इथंच त्या 'कागदी हात-पाय' वाल्या तक्रारीचं उत्तर मिळालं. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात, अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं लागतात, म्हणजे 10 सेकंदासाठी 120. पोरांनी 3 सेकंदाचा प्रसंग करायचा म्हटलं तरी 36 चित्रं. रोज टीव्हीवर भाग द्यायचा तर प्रत्येक चित्र हाताने नव्याने काढणं परवडत नाही, म्हणून पात्राचे डोकं, हात, पंजे वेगवेगळे तुकडे करून कॉम्प्युटरवर ते फिरवतात. ज्याने तक्रार केली होती तोच पोरगा पाचवीच्या गटाबरोबर बसला, वीसेक चित्रांनंतर हात दुखायला लागला म्हणाला, आणि मग त्यानेच सुचवलं की डोकं तेच ठेवू, फक्त हात बदलू. म्हणजे स्टुडिओ जे करतो तिथंच तो येऊन पोचला, कुणी न सांगता.

काय निष्पन्न झालं

पोरांनी केलेली गोष्ट अशी, गावातलं खेळायचं मैदान एक गाडीवाला माणूस पत्रे ठोकून बंद करतो, लिटल सिंघम त्याला म्हणतो ग्रामपंचायतीत येऊन कागद दाखव, तो हसतो, मग एकेक करून गाव येतं, दूधवाले, शाळेतल्या बाई, म्हशीसकट एक आजी, आणि तो माणूस पत्रे काढतो. म्हैस कुणी घातली माहीत नाही पण ती सगळ्यात चांगली हलत होती. गावाचं नाव त्यांनी मिरची नगरच ठेवलं. मंडळाच्या पोरांनी शिवगड सुचवून बघितलं, पोरं म्हणाली नाही, आमचं मिरची नगर आहे. मला हे फार बरं वाटलं, कारण ज्या गावाला शांत मुलगा कुणाचंच नाही म्हणाला होता ते त्या दिवशी कुणाचं तरी झालं.

सगळ्यांचं समाधान झालं असं मात्र मी लिहिणार नाही. मंडळातले दोघे शनिवारी आलेच नाहीत, त्यांचं मत अजून तेच आहे की असली कार्टून काढूच नयेत. आईंनी नंतर सांगितलं की घरात वर्दीतली मारामारी त्यांना अजून नकोच आहे, पण शिबिराबद्दल तक्रार नाही, आणि मुलाने काकांचं 24 तासांचं घरी सगळ्यांना सांगितलं. काका शेवटपर्यंत म्हणत राहिले की लहान पोराच्या अंगावर वर्दी नको. तो त्यांचा अनुभव आहे, वर्दीचं ओझं त्यांनी अंगावर घेतलंय, त्यावर मी वाद घालणार नाही.

पुढच्या वेळी काय वेगळं

पोस्टर. पिक्चर आणि कार्टून यांची नावं एकसारखी असली की लहान अक्षरातली ओळ कापली जाणारच, तेव्हा मोठ्या अक्षरात 'दाखवणार नाही, बोलणार आहोत' हे आधी लिहावं. निम्मा गोंधळ त्यानेच वाचला असता.

पालकांना आम्ही शुक्रवारी रात्री कळवलं, ते विषय ठरला त्याच दिवशी कळवायला हवं. विशेषतः ज्या विषयामागे मोठ्यांचा पिक्चर आहे तिथं पोरांनी मूळ पिक्चर बघितलाय का, किती बघितलाय हे आधी विचारून घ्यावं, कारण बऱ्याच घरात मोठ्यांच्या बरोबरीने पोरं तो टीव्हीवर बघतच असतात आणि आपण मात्र त्यांना फक्त कार्टून माहीत आहे असं धरून चालतो.

आणि एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती एका 9 वर्षाच्या मुलीने काढली. तिचा प्रश्न होता, बबलीला वर्दी का नाही? चाहते, आई, काका, मी, आम्ही सगळे शुक्रवारपासून वर्दीवरच बोलत होतो आणि हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. काकांनी तिला सांगितलं की आपल्या तालुक्यातसुद्धा महिला पोलीस आहेत, पण त्या दिवशी बोलवायला कुणी नव्हतं. यंदाच्या शिबिरासाठी ठाण्यातल्या एका महिला कॉन्स्टेबलना पत्र दिलंय, ड्युटी नसेल तर येते म्हणाल्यात. त्या मुलीच्या गटाने आतापासूनच बबलीचा प्रसंग लिहायला घेतलाय, त्यात जीपसुद्धा तिच चालवते.